सैल पट्ट्याचं फ्रेंच

माझी धाकटी सून ज्या शाळेत शिकवायची, तिथल्या पंधरा मुली एक वर्षभर फ्रेंच भाषा सर्दी झालेल्या हवालदारासारखी बोलत होत्या. यात फ्रेंच लोकांचा काही दोष नव्हता, मुलींचा तर नव्हताच. दोष थोडा सुनेचा आणि, खरं सांगायचं तर, बराचसा माझा होता. आता सूनबाई निवृत्त झाली आहे आणि मी तिची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. परवानगी देताना ती म्हणाली, "लिहा बाबा, पण मी घाबरले होते ते जरा कमी करून लिहा." ते काही जमायचं नाही. तिचं घाबरणं वजा केलं तर लिहायला उरतं काय?

सूनबाई मुळात शिवणाच्या बाई. हात असा की फाटलेला खिसा शिवला तर फाटला कुठे होता ते आपल्यालाच शोधावं लागे. पण एका वर्षी शाळेने शिवणाचा विषय बंद केला. त्याच वर्षी परीक्षा मंडळाने फतवा काढला, की परकीय भाषेची परीक्षा यापुढे नुसती लेखी नाही, तोंडीसुद्धा. परीक्षक येणार, कॅसेट लावून ऐकवणार, मग मुलीशी समोरासमोर बोलणार. आणि तोंडीत नापास झालेली मुलगी सगळ्या परीक्षेत नापास. वर्ष वाया.

शाळेत फ्रेंच शिकवायला एक सर होते. त्यांना मुली खडू सर म्हणत, कारण त्यांचं सगळं फ्रेंच फळ्यावर असे. त्यांच्या तोंडून त्या भाषेचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. फतवा वाचला त्याच आठवड्यात त्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'प्रकृती'.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी कपाट उघडून सगळ्या शिक्षकांच्या फायली चाळल्या. सुनेच्या फायलीत सापडलं, कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच. झालं!

"मोठ्या बाई, त्याला बावीस वर्षं झाली," सून म्हणाली.

"भाषा कुठे पळून जाते का?"

"माझी गेलीय."

"मग बोलावून आणा. शिवण बंदच आहे, तुम्हाला वेळही आहे."

घरी आली ती पांढरी फटक. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "एक धडा पुढे राहायचं. मुलींनी पाचवा केला की तू सहावा केलेला असायचा." सांगायला त्याचं काय जातं! तो पाणीपुरवठ्यात नोकरीला, त्याला काय, तोटी सोडली की पाणी येतं.

मंडळाने पुस्तकाबरोबर बारा कॅसेट पाठवल्या होत्या. शाळेचा टेपरेकॉर्डर नाटकाच्या सामानात सापडला, त्याच्या पोटात कुणीतरी मेणबत्त्या ठेवल्या होत्या. तेव्हा मी छाती फुगवून माझा टेपरेकॉर्डर दिला. चांगला दणकट, कातडी पट्ट्याचा. मी त्यावर जुनी गाणी ऐकत असे. तीस मिनिटांची बाजू माझ्या यंत्रावर चाळीस मिनिटं चालायची. मला वाटे, कंपनीने दहा मिनिटं वर घातली असतील. गाणी जरा संथ लागत, पण मला ती तशीच आवडू लागली होती. वाटायचं, मुरलीत.

इथे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या कुणाच्या आलं नाही.

रोज पहाटे स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सूनबाई ते ऐकायची. कॅसेटमध्ये एक बाई आणि एक बुवा बोलत. बुवा विहिरीच्या तळातून बोलावा तसा, आणि बाई, म्हणजे, मी पहिले आठ दिवस त्यांना दोन भाऊच समजत होतो. सून म्हणाली, "थंडीचा देश आहे बाबा, बायकांचे आवाजही जाड असतील." मला पटलं. मी गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेला माणूस, मला थंडीबद्दल काय माहीत!

तिची भीती मात्र पहिल्या दिवसापासून होती आणि ती यंत्राची नव्हती. स्वतःच्या तोंडची होती. वर्गात ती स्वतः एक वाक्य बोलायची नाही. कॅसेट लावायची, थांबवायची, म्हणायची, "म्हणा." मुली म्हणायच्या. "कॅसेटसारखं म्हणा. माझ्यासारखं नको, कॅसेटसारखं." आणि मुली आज्ञाधारक हो! जाड आवाज लावून, एकेक शब्द ओढत, ओल्या रस्त्यावरून लाकडाचा ओंडका ओढावा तशा बोलू लागल्या.

त्यातली एक चिमणी. नाव पडलं ते आवाजावरून, तिचा आवाज अगदी बारीक, चिवचिवा. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीतच. ही मुलगी सगळ्यात मेहनती. सुट्टीच्या तासाला टेपरेकॉर्डरपाशी बसून ऐकायची आणि घसा दाबून त्या आवाजात म्हणायची. तीन महिन्यांत तिने असा आवाज कमावला की डोळे मिटून ऐकलं तर दाराशी दूधवाला आलाय असं वाटावं. सूनबाई घरी सांगे, "ही मुलगी पहिली येणार."

परीक्षेला आठ दिवस उरले असताना यंत्राने सातवी कॅसेट चावली. मी आणि सून ते घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण काढलं आणि एक रबरी पट्टा बोटावर घेऊन लोंबवला.

"काका, हे बघा. नाडी झालीय नुसती. किती वर्षं हे असं झोपेत चालतंय?"

"झोपेत?" मी म्हणालो. "उत्तम चालतंय की."

त्याने नवा पट्टा घातला, आमचीच कॅसेट लावली आणि बटण दाबलं. आतून एक बाई बोलली. बारीक, चटपटीत, भराभरा, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. तिच्यामागून एक तरणा पुरुष हसत हसत काहीतरी बोलून गेला.

"ही कोण?" सून म्हणाली.

"कोण म्हणजे? तुमचीच कॅसेट आहे बाई."

"नाही. ही आमची नाही."

त्याने कॅसेट काढून दाखवली. वर सुनेच्याच अक्षरात लिहिलं होतं, धडा सातवा. तिने काउंटरची कड धरली. मला आधी काही उमगेना. मी खुळ्यासारखा म्हणालो, "अरे वा, बाई निघाली की ही!" आणि मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. 

रस्त्याने ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला यातलं काही कळलं नाही. मलाच कळलं नाही. मुलींना काय कळणार? त्यांना मी ऐकायलाच चुकीचं शिकवलं. पंधरा मुलींचं वर्ष."

घरी बैठक झाली. मुलगा म्हणाला, मोठ्या बाईंना सांग. मी म्हणालो, कुणाला काही सांगू नकोस, आठ दिवसांत काय उजेड पडणार आहे, उगाच मुलींचे हातपाय गळतील. मी हे का म्हणालो ते आता कबूल करतो. यंत्र माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनीही माझाच सल्ला दिला. "मुलींना काही सांगू नका. म्हणावं, आता आपण भरभर बोलायला शिकू." पण सून वर्गात गेली, यंत्र टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि ती बारीक आवाजाची बाई मुलींना ऐकवली. मग सगळं सांगून टाकलं.

मागच्या बाकावरची एक फसकन हसली. ती हसली म्हणून आणखी चार हसल्या. चिमणी उभी राहिली.

"बाई, मी घसा बसेपर्यंत आवाज जाड केला. आई म्हणत होती डॉक्टरकडे चल."

"हो ग."

"तुम्ही म्हणालात, अगदी बरोबर."

सुनेने यंत्राचं बटण बंद केलं.

मग तिने काय केलं बघा. शिवणाची खोली बंद पडली होती. तिने किल्ली मागून घेतली, आच्छादनं काढली आणि मुलींना पायमशीनवर बसवलं, एकेका मशीनवर दोघी. नव्या मुलीला शिवण शिकवताना पहिल्या दिवशी दोरा देत नाहीत. नुसता कागद सुईखाली ठेवतात आणि पायाची चाल बसवतात. आधी सावकाश, मग जरा जलद, मग जलद. हात घाबरला तरी पाय चुकत नाही. तिने तेच केलं. पायाच्या चालीवर वाक्य. पहिल्या दिवशी जुन्या संथ चालीत, दुसऱ्या दिवशी थोडी वाढवून. पंधरा मुली पाय मारतायत, कागदांना भोकं पडतायत आणि खोलीत फ्रेंचचा खडखडाट. मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा दारातून पाहिलं. शाळेच्या शिपायाने मला विचारलं, "काका, हा विषय कोणता?" मी म्हणालो, "विचारू नका."

परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत बऱ्याचजणी त्या बाईच्या जवळपास पोचल्या. सुनेलाही आता कॅसेट कळू लागली होती, कारण आठव्या मशीनवर उरलेल्या एका मुलीबरोबर ती स्वतः बसे. चिमणीचं मात्र बसेना. पाय जलद, तोंड संथ. आवाज वर काढायला गेली की घोगरा फुटायचा. ज्यांनी वर्षभर टंगळमंगळ केली होती त्यांना विसरायला थोडंच होतं. हिने मन लावून केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मीही शाळेत. कारण परीक्षकाची कॅसेट वाजणार होती आमच्याच यंत्रावर, आणि सुनेचा त्यावर आता काडीचा विश्वास नव्हता. सकाळपासून तिने घड्याळ लावून बाजू मोजली होती. तीस मिनिटं. पुन्हा मोजली. तीस. तरी मला पेचकस घेऊन बाहेरच्या बाकावर बसवलं. मी त्या पेचकसाने काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, पण हातात काहीतरी असलेलं बरं वाटतं.

परीक्षक चष्म्यातले, किरकोळ अंगाचे, कपाळावर आठी कायमची. खोलीत ते आणि एक मुलगी. शिक्षकाने आत जायचं नाही, हा नियम दारावरच चिकटवलेला. पण दार नीट लागत नसे, बोटभर फट राहायची. त्या फटीशी सून उभी. एकेक मुलगी आत जाई आणि सून ओठांनी तिच्याबरोबर बोले. बाहेर आली की हात धरून विचारी, "कळलं का? काय विचारलं?" मुली म्हणायच्या, "कळलं बाई, थोडं सुटलं, पण कळलं." अशा दहा झाल्या. दर मुलीला सुनेच्या चेहऱ्यावर थोडं रक्त यायचं आणि पुढची आत गेली की जायचं.

अकरावी चिमणी.

आत जाताना तिने मागे वळून पाहिलं. कॅसेट वाजली. मग परीक्षकांनी काही विचारलं. आणि आतून तो आवाज आला, जाड, ओढलेला, विहिरीच्या तळातला. एक वाक्य. अर्ध्यावर तुटलं. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, आता जास्त जलद, रागावून नव्हे, सवयीने. उत्तर नाही. तिसऱ्यांदा. उत्तर नाही. कागदावर पेन टेकल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला असं मी आजही शपथेवर सांगेन. मुलगा म्हणतो, शक्य नाही.

आणि सूनबाई आत गेली.

मी "अग, अग" म्हणून उठलो तोवर ती टेबलापाशी. घाबरट बाई हो ही! रस्त्यावर कुत्रं दिसलं तर पलीकडून जाणारी. आणि ती उभी राहून फ्रेंचमध्ये बोलायला लागली. ना कॅसेट, ना पुस्तक. मला एक अक्षर कळलं नाही. पर्सचा बंद ती बोटांना इतका गुंडाळत होती की बोटं निळी पडली. ती काय बोलली ते मी नंतर विचारून घेतलं. यंत्र संथ होतं. मुलीने जे ऐकलं ते तिने बरोबर म्हटलं. चूक माझी आहे, हिच्या नावावर लिहू नका.

परीक्षकांनी ऐकून घेतलं. मग चक्क आपल्या भाषेत म्हणाले, "दारावर काय लिहिलंय ते वाचलंत का बाई?"

"हो."

"तरी आलात?"

"हो."

"मग मला लिहावं लागेल."

"लिहा."

"बाहेर थांबा. मुलीलाही न्या."

बाहेर आल्यावर मी आणि शिपायाने धरून तिला बाकावर बसवलं. "बाबा, मी तिचं वाटोळं केलं. पाच गुण तरी मिळाले असते, तेही गेले." चिमणी शेजारी उभी होती. ती रडतही नव्हती. ते जास्त वाईट.

चार दिवसांनी दोन कागद आले. एक सुनेला मेमो, परीक्षेत व्यत्यय आणल्याबद्दल; पुढे वर्षभर परीक्षेच्या दिवशी शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. दुसरा निकाल. चौदा मुली पास. चिमणीच्या नावापुढे नापास नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'बाहेरच्या व्यक्तीच्या व्यत्ययामुळे तोंडी परीक्षा रद्द. एक महिन्याने पुन्हा.'

मोठ्या बाईंनी नियमाचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. नापास झालेल्याचं वर्ष जातं. रद्द झालेल्याला पुन्हा बसता येतं. सुनेला हा नियम ठाऊक नव्हता. परीक्षकांना होता का? होता, असं मी म्हणतो. सून म्हणते, त्यांनी फक्त घडलं ते लिहिलं. यावरून आमच्यात अजून वाद होतो.

त्याच दुपारी ती इस्त्रीच्या दुकानात गेली. एकटीला जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन. चिमणीची आई इस्त्री फिरवत होती, चिमणी कोपऱ्यात घड्या घालत होती. आई थांबली नाही.

"काय राहिलंय आता बाई? पोरीने तोंड मिटलंय. घरातसुद्धा खुणेने बोलते. म्हणते, कुठला आवाज लावू तेच कळत नाही."

"महिना आहे. मी रोज येईन."

"ते डबडं घेऊन?"

मी जरा मागे सरकलो. डबडं माझ्याच हातात होतं.

"ते नको," आई म्हणाली. "त्यानेच झालं सगळं. तुम्हाला येते ना ती भाषा? मग तुम्ही बोला तिच्याशी."

सुनेचा चेहरा परीक्षेच्या दिवशीपेक्षा जास्त उतरला. रागाच्या भरात चार वाक्यं बोलणं वेगळं. समोर बसून रोज तासभर बोलायचं, चुकायचं, आणि तेही जिचं आपण नुकसान केलं तिच्यासमोर! मला वाटलं आता ही उठणार. ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि चिमणीला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. दोनच शब्द.

चिमणीने वर पाहिलं. अगदी बारीक, स्वतःच्या आवाजात, तीही दोनच शब्द बोलली.

वाटेत मी विचारलं, तेव्हा कळलं. सून म्हणाली होती, मला भीती वाटते. पोरीने विचारलं होतं, कशाची?

मग महिनाभर त्यांचा तोच धडा. आज मी कशाला घाबरले. सुनेचा तर साठा मोठा. कुत्री, मोठ्या बाई, पोस्टातली पाकिटं, फोनची घंटा, माझा मुलगा स्कूटर चालवतो ते. पोरगीही सांगू लागली. अंधारा जिना, गणिताचे सर, आईचा खोकला. एक सांगते तोवर दुसरीला आठवायचं, एकमेकींचं तोडून बोलायच्या. चुका व्हायच्या, पुस्तक उघडून भांडायच्या. आई इस्त्री करता करता म्हणायची, "काय एवढं हसताय घाबरण्याला?"

महिन्याने पुन्हा परीक्षा. सुनेला आवारात बंदी, म्हणून आम्ही दोघं समोरच्या फुटपाथवर, चपलांच्या दुकानापुढे उभे. दुकानदाराने तीनदा विचारलं, काय दाखवू. तिसऱ्यांदा मी भीतीपोटी एक जोडी घालून पाहिली. सून फाटकावरून नजर काढेना. वीस मिनिटं. अर्धा तास. "बाबा, इतका वेळ का? इतका वेळ लागत नाही. काहीतरी झालंय."

चिमणी बाहेर आली. रस्ता ओलांडायला उभी राहिली, एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. त्या दोन ट्रकांइतकी मोठी वाहनं मी जन्मात पाहिली नाहीत. पोचली तशी सुनेने तिचा हात धरला. मी विचारलं, "काय ग?"

"त्यांनी विचारलं, सुट्टीत काय केलंस. मी म्हटलं, आम्ही घाबरायचो. मग ते कशाला कशाला म्हणून विचारत बसले, मी सांगत बसले."

"मग?"

"मग ते म्हणाले, जरा सावकाश बोल, मला कळत नाहीये."

तिच्या मुठीत घामाने भिजलेला कागद होता, सहीचा. उत्तीर्ण. सूनबाईने तो दोनदा वाचला आणि तिथेच फुटपाथच्या कडेला मटकन बसली. चिमणीही शेजारी बसली. दोघी काहीतरी भराभरा बोलू लागल्या, आणि मी पायात नवी चप्पल घालून दुकानदाराकडे बघत उभा राहिलो.